उद्यानातले वर्ग आणि कार्यक्रम: मार्च ते फेब्रुवारी, कामाच्या नोंदी

पुण्यातल्या एका सार्वजनिक वनस्पती उद्यानाच्या या नोंदी आहेत. रोपवाटिका आणि कार्यक्रम या दोन्ही बाजूंनी मिळून त्या एकाच वहीत ठेवल्या आहेत. दोन वेगळ्या वह्या असल्या की वर्गाच्या दिवशी रोपं तयार नसतात आणि रोपं तयार होतात तेव्हा वर्ग नसतो.

१० मार्च: वर्षाचा आराखडा

सभागृह कधी मोकळं आणि तज्ज्ञ कधी मोकळे हे बघून आजवर तारखा पडत आल्या. यंदा आधी झाडांची यादी केली. कोणाचं बी कधी पिकतं, ते किती दिवस जिवंत राहतं, कोणती फांदी कलमाला कधी तयार होते, हे सगळं भिंतीवरच्या तक्त्यावर मांडलं आणि मग वर्ग बसवले. जांभळाचं बी जूनमध्ये मिळतं आणि पंधरवड्यात निकामी होऊ लागतं, त्यामुळे तो वर्ग ऑगस्टमध्ये ठेवून उपयोग नाही. गुटी कलमाला (झाडावरच्याच फांदीला मुळं फोडून घ्यायची पद्धत) हवेत दमटपणा लागतो, म्हणून जुलै. तेरडा, सोनकी आणि गवतं फुलतात सप्टेंबरात, म्हणून वनस्पतींचे नमुने दाबायचा वर्ग तेव्हा.

५ जून, १ ते ७ जुलैचा वनमहोत्सव, दसरा, १५ ऑक्टोबर या तारखा आपल्या हातात नाहीत. त्या दिवशी लोक येणारच. त्या दिवशी जे काम खरोखर होऊ शकतं तेवढंच ठेवायचं, फोटोसाठी काही लावायचं नाही.

तुकडीचा आकार: हातानं करायच्या वर्गाला २० जण, शिकवणारा एक आणि मदतनीस एक. सुरी, कात्री, कलमपट्टी प्रत्येकाला स्वतंत्र. दोघांत एक सुरी दिली की एक जण करतो आणि दुसरा नुसता बघतो. ऐकायच्या कार्यक्रमाला ६० जण चालतात.

२४ मार्च: आग्या मोहोळ

काटेसावरीच्या उंच फांदीवर आग्या माश्यांचं पोळं बसलं आहे. फेब्रुवारी ते एप्रिल फुलोऱ्याचा काळ, त्यामुळे हे दरवर्षीचंच. पोळं काढायचं नाही, सकाळच्या फेरीचा मार्ग बदलायचा. झाडाभोवती ३० मीटरवर दोरी बांधली, मराठी आणि हिंदी पाट्या लावल्या.

माश्या उठतात त्या धुरानं, दगडानं, जवळून उडवलेल्या ड्रोननं. म्हणून या भागात पालापाचोळा पेटवणं तर नाहीच (ते एरवीही नाही), शिवाय लग्नाआधीच्या फोटोवाल्यांना ड्रोनची परवानगीही बंद. फेरी नेणाऱ्याला सूचना: माश्या उठल्या तर हात झटकायचे नाहीत, तोंड झाकून जवळच्या बंद खोलीकडे पळत सुटायचं, पाण्यात उडी मारायची नाही. नांगी राहिली असेल तर नखानं खरवडून लगेच काढायची. श्वास लागला, ओठ-जीभ सुजले किंवा खूप डंख असतील तर थेट दवाखाना.

६ एप्रिल: बहाव्याचं बी, पहिला वर्ग

बहावा आता फुलायला लागेल, पण गेल्या वर्षीच्या काळ्या शेंगा अजून झाडावर लटकत आहेत. वर्गाला त्याच हव्यात. शेंग फोडली की आत चकत्यांसारखे पडदे, काळा चिकट गर आणि प्रत्येक कप्प्यात एक चपटं तपकिरी बी. गर रेचक आहे. लहान मुलं चाखून बघतात, म्हणून शेंगा फोडण्याआधी हे सांगायचं.

बी रात्रभर पाण्यात भिजवून, चोळून, गर काढून सावलीत सुकवलं. कवच इतकं कठीण की तसंच पेरलं तर काही बिया महिनोन् महिने पडून राहतात. रोपवाटिकांमध्ये गंधकाम्ल वापरतात, लोकांच्या वर्गात ते आणायचं नाही. सँडपेपर पुरतो. बी जिथे शेंगेला चिकटलेलं असतं ते टोक सोडून उलट्या बाजूला घासायचं, आतला फिका थर दिसेपर्यंत. त्या टोकाजवळ अंकुर असतो, तिथे घासलं तर बी मेलं. नखं कापायच्या कटरनं कडेचा बारीक तुकडा उडवला तरी चालतं.

मग २४ तास पाण्यात. फुगलेल्या बिया पेरायच्या, न फुगलेल्या पुन्हा घासून पुन्हा भिजवायच्या. लोकांना ही परीक्षा फार आवडते, कारण आपण घासलं ते बरोबर की नाही हे दुसऱ्या दिवशी वाटीतच दिसतं. म्हणून हा वर्ग लागोपाठ दोन सकाळी ठेवायचा. एका दिवसात उरकला तर शिकण्याचा अर्धा भाग घरी जातो आणि घरी कोणी करत नाही.

पेरणी: दोन भाग पोयटा, एक भाग चाळलेलं कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू. पिशवी ५ × ८ इंच, तळाला आणि बाजूला भोकं. बी एक-दीड सेंटिमीटर खोल. फुगलेल्या बिया साधारण एक-दोन आठवड्यांत वर येतात.

२० मे: खड्डे

जुलैच्या लागवडीचे खड्डे आता. ६० × ६० × ६० सेंटिमीटर. वरची ३० सेंटिमीटर माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. खड्डे उन्हात तापू द्यायचे.

पुण्याच्या बऱ्याच भागात दीड-दोन फुटांखाली घट्ट मुरूम लागतो. असा खड्डा पावसाळ्यात बादलीसारखा भरून राहतो आणि रोप आठवडाभर पाण्यात उभं राहून मुळं कुजतात. वरून ते सुकल्यागत दिसतं, मग लोक आणखी पाणी घालतात. म्हणून प्रत्येक खड्ड्यात एक फूट पाणी भरून बघायचं. संध्याकाळपर्यंत जिरलं तर ठीक. दुसऱ्या सकाळीही उभं असेल तर पहारीनं तळ फोडायचा. तरीही जिरलं नाही तर तिथे खड्डा बुजवून फूटभर उंचीचा वरंबा करायचा आणि त्यावर लावायचं.

चाचणीत नापास झालेल्या खड्ड्यांना लाल फीत बांधली. त्या जागी अर्जुन किंवा करंज. पाणी साचणं सोसणारी झाडं तीच. बहावा, आपटा तिथे नको.

५ जून: पर्यावरण दिन

पाच-सहा संस्थांनी आज वृक्षारोपण मागितलं होतं. सगळ्यांना नाही म्हटलं. पुण्यात मोसमी पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात स्थिरावतो. आधीच्या वळवानं जमीन वरवर भिजते, खाली कोरडीच असते. ५ जूनला लावलेलं रोप मधल्या उघडिपीत टँकरवर जगवावं लागतं, आणि टँकर यायचा थांबतो.

त्याऐवजी आलेल्यांना तीन कामं वाटून दिली: वरची माती आणि खत मिसळून खड्डे दोन-तृतीयांश भरणं (एका खड्ड्याला १० ते १५ किलो कंपोस्ट), बांबूच्या काठ्या कापून ठेवणं, आणि मागल्या वर्षीच्या रोपांची आळी मोकळी करून तण काढणं. शेवटचं काम सर्वांत गरजेचं. नव्या रोपाला फोटो मिळतो, दोन वर्षांच्या रोपाला पाणी घालायला माणूस मिळत नाही. आलेल्या प्रत्येक गटाला जुलैतली तारीख देऊन ठेवली.

१९ जून: जांभूळ आणि कडुनिंब

ही दोन्ही बियाणं साठवायची नाहीत. सुकली की मरतात. जांभळाच्या बिया लोक घरून घेऊन येतात, ते चांगलं, फक्त नोंदणीच्या निरोपात लिहायचं की बी धुऊन ओल्या फडक्यात आणा. उन्हात वाळवून आणलेल्या बिया गेल्यातच जमा.

जांभळाच्या एका बीतून दोन-तीन रोपंही येतात. चार पानांवर आली की सर्वांत जोमदार ठेवून बाकीची कात्रीनं कापायची, उपटायची नाहीत. उपटताना ठेवलेल्या रोपाची मुळं हलतात.

निंबोळी पिवळी पडलेली घ्यायची. जमिनीवर काळी पडलेली नको. गर त्याच दिवशी पाण्यात चोळून काढायचा, नाहीतर तो आंबतो आणि बुरशी बीत शिरते. बी आडवं, एक सेंटिमीटर खोल. दोन-तीन आठवड्यांच्या आत पेरलं पाहिजे.

चंदन मागणारे दोघं-चौघं असतात. चंदन अर्धपरजीवी आहे, शेजारच्या झाडाच्या मुळांतून पाणी आणि क्षार ओढतं. पिशवीत एकटं ठेवलं तर काही महिने जगतं आणि पिवळं पडतं. म्हणून सोबतीला तूर त्याच पिशवीत पेरायची, ती उंच झाली की छाटायची, म्हणजे सावली होत नाही. चंदनाची रोपं घरच्या कुंडीसाठी द्यायची नाहीत असं ठरवलं.

४ जुलै: लागवड, वनमहोत्सव

जमीन आता हातभर ओली आहे. पाच जणांना एक रोप. गर्दीला शंभर रोपं देण्यापेक्षा वीस रोपं नीट लागलेली बरी.

दर वर्षी दिसणाऱ्या चुका, वारंवारतेच्या क्रमानं: पिशवी न काढता लावणं. पिशवी ओढून काढणं, त्यात मातीचा गोळा फुटतो. मुळाचा आणि खोडाचा सांधा जमिनीखाली गाडणं, त्यात साल कुजते. आणि ओली काळी माती पायानं दाबणं. आपलेपणानं दाबतात, पण मातीतली हवा जाते आणि सुकल्यावर वीट होते.

क्रम असा ठेवला: पिशवीचा तळ ब्लेडनं कापायचा, गोल फिरलेली मुळं तीन ठिकाणी उभी चिरायची, रोप खड्ड्यात उभं करायचं, मग पिशवी बाजूनं कापून वर काढायची. पिशवी मदतनिसाच्या हातात दिली तरच रोपाचा क्रमांक मिळतो. या एका अटीनं जमिनीत प्लास्टिक राहणं थांबतं. काठी वाऱ्याच्या बाजूला, पश्चिमेला. सुतळी इंग्रजी आठाच्या आकारात, खोडाला ढिली. नायलॉनची दोरी नाही, ती सालीत रुतते.

१३ जुलै: रानभाज्या ओळख

सर्वांत जास्त मागणी याच वर्गाला, आणि सर्वांत जास्त काळजीही इथेच. उद्यानातून खुडायचं काही नाही. सगळे नमुने कुंड्यांत लावून टेबलावर ठेवले: टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी, घोळ, आघाडा, कर्टोली. प्रत्येक भाजीशेजारी तिच्यासारखं दिसणारं झाड ठेवलं. नुसती भाजी दाखवली तर माणूस शेतात जाऊन तिच्या जुळ्याला हात घालतो.

फोडशीशेजारी कळलावी. कळलावीच्या पानाचं टोक वेलासारखं वळतं, ही खूण सगळ्यांना पाठ असते. पण कोवळ्या कोंबाच्या खालच्या पानांना ते वळलेलं टोक नसतं, आणि लोक खुडतात ते कोवळंच. भरवशाची खूण वेगळी: फोडशीची सगळी पानं जमिनीतून एका झुबक्यानं निघतात, कळलावीला उभा दांडा असतो आणि पानं दांड्यावर चढत जातात. कळलावीतलं कोल्चिसीन शिजवूनही जात नाही. शंका असेल तर खुडायचं नाही, हे वाक्य वर्गात तीनदा म्हणायचं.

टाकळ्याशेजारी सेना युनिफ्लोरा, अमेरिकेतून आलेलं तण, आता रस्त्याकडेला सगळीकडे. टाकळ्याला एका देठावर पानांच्या तीन जोड्या आणि खोड जवळपास गुळगुळीत. या तणाच्या खोडावर तपकिरी राठ लव असते.

शेवळं आता संपली. ती मे अखेर-जूनच्या पहिल्या पावसाला येतात, त्यामुळे फोटो दाखवावे लागले. पुढल्या वर्षी त्यांचा वेगळा छोटा वर्ग जूनच्या पहिल्या आठवड्यात. शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, घसा खाजतो तो त्यानं. ठाणे-पालघरकडे काकडांच्या आंबट फळांबरोबर किंवा चिंच-कोकमाबरोबर शिजवतात ते उगाच नाही.

कर्टोलीबद्दल नेहमीचा प्रश्न: वेल वाढतो, फुलतो, फळ का धरत नाही? नर आणि मादी वेल वेगळे असतात. एकच कंद लावला आणि तो नर निघाला तर फुलंच बघायची. मादी फुलाखाली छोटं काटेरी फळ आधीपासून दिसतं, त्यावरून ओळख. आठ-दहा मादी वेलांना एक नर पुरतो.

जमिनीविषयी एक सूचना पत्रकात घातली: फवारलेल्या शेताच्या बांधावरून, सांडपाण्याच्या ओढ्याकाठून, महामार्गालगत भाजी घेऊ नका. ओळख बरोबर असूनही ती खाण्याजोगी नसते.

२७ जुलै: गुटी कलम

साहित्य दर माणशी: धारदार सुरी, मूठभर मॉस (सुकवलेलं शेवाळ), ६ × ८ इंचाचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा, दोन सुतळ्या, चिमूटभर आयबीए पावडर (मुळं फुटायला मदत करणारी). मॉस आदल्या रात्री भिजवून ठेवायचं. झाडं: डाळिंब, लिंबू, पेरू, कण्हेर, रबर. कण्हेर विषारी आहे, त्या टेबलावर हात धुवायची सोय शेजारीच हवी.

पेन्सिलीइतकी जाड, गेल्या वर्षीची, निरोगी फांदी. पेराच्या जरा खाली अडीच सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढायची. आता मुख्य काम: उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर सुरीच्या पाठीनं खरवडायचा. तो राहिला तर झाड दोन्ही बाजूंनी साल पुन्हा जोडतं आणि मुळं येतच नाहीत. महिन्यानं उघडून बघितलं की आत छान भरलेली जखम. न लागलेल्या कलमांत हे कारण सर्वांत जास्त दिसतं.

वरच्या कडेला पावडर, मग मॉस. मॉस मुठीत पिळून पाणी ठिबकायचं थांबलं पाहिजे. ओलं जास्त झालं की साल काळी पडून कुजते. प्लास्टिक घट्ट गुंडाळून खाली-वर बांधायचं. वरची गाठ सैल राहिली तर पावसाचं पाणी खोडावरून आत उतरतं. रबराला चीक येतो. तो पुसून, थांबेपर्यंत वाट बघून मगच पावडर.

प्रत्येक कलमाला नाव आणि तारखेची चिठ्ठी. माणसाला स्वतःचं कलम बघायला पुन्हा यायचं असतं, त्यामुळे पुढच्या तारखेची आठवण वेगळी करावी लागत नाही.

१० ऑगस्ट: हिरवळ बंद

एका नृत्यवर्गाला हिरवळ हवी होती. दिली नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या जमिनीवर दोनशे पावलं दोन तास फिरली की वरचे दहा-पंधरा सेंटिमीटर घट्ट होतात, आणि झाडांची अन्न घेणारी बारीक मुळं नेमकी त्याच थरात आणि त्याच्या थोडी खाली असतात. हिरवळ महिन्यात सावरते. वड आणि चिंच सावरतात की नाही हे दोन-तीन वर्षांनी शेंडे वाळायला लागले की कळतं.

फरसबंद अंगण आणि सभागृह एवढंच पावसाळ्यात मिळेल, हे अर्जाच्या फॉर्मवर छापून टाकलं.

७ सप्टेंबर: कलमं उतरवणं

प्लास्टिकमधून मुळं दिसतात. पांढरी असतील तर थांबायचं, फिकट तपकिरी आणि फांद्या फुटलेली हवीत. लिंबू आणि कण्हेर तयार. पेरूची अजून नाहीत.

एकदम कापायचं नाही. गुटीच्या खाली अर्ध्यापर्यंत खाच, आठवड्यानं पूर्ण काप. पिशवीत लावताना मॉस काढत बसायचं नाही, मुळं तुटतात. निम्मी पानं काढून ५० टक्के सावलीच्या जाळीखाली तीन आठवडे. उन्हात थेट नेलेली कलमं दोन दिवसांत माना टाकतात, आणि लोकांना वाटतं कलमच लागलं नव्हतं. म्हणून तीन आठवड्यांनीच घरी द्यायची. या वर्गाच्या शुल्कात तो सांभाळ धरलेला आहे.

१४ सप्टेंबर: नमुने दाबण्याचा वर्ग

पठारांवरून काही आणायचं नाही. कासचं पठार जागतिक वारशात आहे हे एक, आणि एरवीही हौशी वर्गासाठी रानातली फुलं तोडायची गरज नाही. उद्यानाच्या वाफ्यांतला तेरडा, सोनकी, रानतीळ, गवतं पुरतात.

दाबपाटी ४५ × ३० सेंटिमीटर, कागद वर्तमानपत्राचा, चकचकीत नको. पहिला बदल २४ तासांनी, मग रोज, पाच-सहा दिवस. या हवेत रोज दोनदा बदलला तरच बुरशी टळते. तेरड्याच्या पाकळ्या पाणीदार, कागदाला चिकटून फाटतात. त्यांना बटर पेपरमध्ये ठेवायचं आणि कागद बदलताना बटर पेपर सोडवायचा नाही. पानफुटीसारखी मांसल झाडं दाबेतही जिवंत राहून नवी पालवी काढतात. फुलं वर धरून पानं-खोड काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवली की काम होतं.

सुकल्यावर फुलाचा रंग जातो, वास जातो, झाडाची उंची कागदावर नसतेच. म्हणून चिठ्ठीवर या गोष्टी तोडण्याआधी लिहायच्या: जागा, तारीख, झाड किती उंच, फुलाचा रंग, जमीन कशी. चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे वाळलेलं पान. किडीसाठी पूर्वी पारायुक्त विष लावत, लोकांच्या वर्गात ते अजिबात नको. प्लास्टिकमध्ये बंद करून उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवलं तर अळ्या आणि अंडी मरतात. ज्यांना पुढे जायचं आहे त्यांना भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय केंद्राची (स्थापना १९५५) आणि आघारकर संशोधन संस्थेची नावं दिली. दोन्हीकडे मोठे संग्रह आहेत.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी: आपटा की कांचन

फाटकाशी एक टेबल, त्यावर दोन्ही फांद्या. आपट्याचं पान लहान, जाड, राठ, लांबीपेक्षा रुंद. कांचनाचं मोठं, पातळ, मऊ. बाजारात सोनं म्हणून ढिगानं येतो तो बहुधा कांचन, आणि दोन्ही झाडं दरवर्षी ओरबाडली जातात. पानांऐवजी रोप द्यायची सोय ठेवली. आपटा पहिल्या वर्षी सावकाश वाढतो, दसऱ्याला हातभर रोप हवं तर आदल्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरावं लागतं. यंदाची रोपं वीतभर आहेत, तशीच दिली, काठी लावून.

१५ ऑक्टोबर: स्पर्श-गंध वाट

पांढरी काठी दिनाला, म्हणजे अंधांसाठीच्या दिवशी, त्यांच्यासाठीची ही वाट खुली केली. वाफे ७५ सेंटिमीटर उंच, म्हणजे उभं राहून वाकावं लागत नाही आणि चाकाच्या खुर्चीतून हात पोचतो. वाट दीड मीटर रुंद. एका बाजूला ९० सेंटिमीटर उंचीवर जाड सुती दोर, प्रत्येक थांब्याला दोराला गाठ. गाठ लागली की थांबायचं आणि डावीकडे हात न्यायचा, एवढी एकच सूचना पुरते.

झाडं: तुळस, मरवा, दवणा, गवती चहा, पुदिना, पानओवा, वाळा. रुई लव असलेली आणि स्पर्शाला छान, पण चीक डोळ्याला घातक. म्हणून नाही. काटेरी काही दोराच्या हातभर अंतरातही नाही.

अडचणी दोन. ब्रेलच्या ॲल्युमिनियम पट्ट्या ऑक्टोबरच्या उन्हात अकरा वाजता बोट ठेवता येणार नाही इतक्या तापतात. पट्ट्या वाफ्याच्या उत्तर बाजूला, तिरक्या, वर लाकडी फळीची सावली करून हलवल्या. दुसरी: चोळून चोळून झाडं पंधरा दिवसांत बोडकी होतात. प्रत्येक जातीच्या तीन कुंड्या हव्यात, एक वाटेवर आणि दोन मागे विश्रांतीला, दर आठवड्याला अदलाबदल. वाफ्यात कायमची लावलेली झाडं ही वाट चालवू शकत नाहीत, कुंड्याच हव्यात.

गट आठ जणांचा, मदतनीस चार. मदतनिसानं हात धरून ओढायचं नाही, स्वतःचा कोपर पुढे करायचा.

१८ नोव्हेंबर: शाळांच्या भेटी

एका वेळी ६० मुलं, १५ चे चार गट, चार वेगळ्या दिशा. फेरी पाऊण तासाची, जास्त नाही.

सहलीआधी वाट तपासायची ती खाजकुइलीसाठी. शेंगा वाळायला लागल्या की केस वाऱ्यानंही उडतात. मुलाला लागलीच तर चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून हळू उचलायची, दोन-तीनदा, मग धुवायचं. गुंजेच्या बिया मुलं खिशात घालतात. चघळल्या तर जीवघेण्या, त्यामुळे तो वेल कुंपणाच्या आतल्या बाजूला नेला. बिब्ब्याच्या झाडाखाली थांबायचं नाही.

फुलपाखरांचा वाफा हाच मुलांचा आवडता. पानफुटीवर रेड पिएरोच्या अळ्या पानाच्या आत, रुईवर प्लेन टायगर, कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन. राज्य फुलपाखरू ब्ल्यू मॉर्मन लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं, त्यासाठी माकडलिंबू लावला आहे. पालक विचारतात, पानं किडीनं खाल्ली आहेत, फवारत का नाही. या वाफ्यात खाल्लेलं पान हेच यश, ही पाटी लावल्यापासून प्रश्न निम्म्यावर आले.

९ डिसेंबर: नावाच्या पाट्या

छापील फ्लेक्सच्या पाट्या दोन उन्हाळ्यांत फिक्या पडतात, लाल रंग आधी जातो. कोरलेल्या ॲल्युमिनियमवर आलो. खिळा नाही, तारेचा फास तर नाहीच, खोड जाड होतं आणि तार सालीत गाडली जाते. स्टेनलेस स्टीलचा एक स्क्रू, त्यावर स्प्रिंग, पाटी स्प्रिंगपुढे. खोड वाढलं की स्प्रिंग दबते. दर डिसेंबरला स्क्रू दोन फेरे सैल करायचा. लहान झाडांना जमिनीत रोवलेली दांडी.

मजकूर: मराठी नाव मोठं, खाली शास्त्रीय नाव, कुळ, मूळ प्रदेश. बाभळीवर व्हॅचेलिया निलोटिका आणि कंसात जुनं अकेशिया. २०११ मध्ये मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियन गटाकडे कायम झालं, पण आपली पुस्तकं अजून जुनंच सांगतात. जुनं नाव काढून टाकलं तर विद्यार्थ्याला झाड सापडत नाही. ताम्हणावर जारूळ हेही नाव आणि राज्यपुष्प असल्याची ओळ. सीता अशोकाच्या पाटीवर बाण काढून लिहिलं की समोरचा उंच सरळ तो हा नव्हे.

२० जानेवारी: संध्याकाळची मैफल, रोपांची देवाणघेवाण

प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं, त्या काळात शहरभर रोपांची चौकशी वाढते. त्याच आठवड्यात आमची देवाणघेवाण ठेवली. नियम एकच: आणलेलं रोप मुळं धरलेलं हवं, नुसती फांदी चालणार नाही. प्रत्येक रोप पानाखालून तपासूनच टेबलावर. पिठ्या ढेकूण एका जास्वंदीतून सगळ्या टेबलभर जातो.

मैफलीसाठी मंडप अंगणात. वडाच्या घेराखाली पहार मारायची नाही, बांबू वाळूनं भरलेल्या पिंपांत उभे केले. दिवे खाली वळवलेले, पिवळसर, झाडावर सोडायचे नाहीत, त्या वडावर वटवाघळं आहेत. साडेनऊला बंद. जनित्र फाटकाबाहेर. सजावटीवाल्याला आधी लेखी दिलं नाही तर तो फांद्यांना तार बांधतोच.

१६ फेब्रुवारी: पालापाचोळा

पानगळ जोरात. हा वर्ग कुदळ-घमेल्याचा, बोलणं कमी. एक मीटर लांब-रुंद-उंच जाळीचा कप्पा, त्याहून लहान ढीग तापत नाही. १५ सेंटिमीटर सुकी पानं, त्यावर तीन-चार सेंटिमीटर शेण किंवा हिरवं गवत, पाणी, पुन्हा पानं. मूठ दाबली की एखाद-दुसरा थेंब यावा. नुसती पानं घातली तर वर्षभर तशीच राहतात, नत्र नाही म्हणून. गवत जास्त झालं तर आंबट वास येतो.

मधोमध लोखंडी सळई खुपसून ठेवली. चौथ्या-पाचव्या दिवशी ती हातात धरवत नाही इतकी तापली पाहिजे. नाही तापली तर बहुधा पाणी कमी, किंवा थर दाबून बसवले गेले. सळई निवायला लागली की ढीग परतायचा, बाहेरचं आत. सागाची पानं जाड, ती आधी पायवाटेवर अंथरून तुडवून घ्यायची. पहिला कप्पा आज भरला, दुसरा येत्या रविवारी. एक सेंटिमीटरच्या जाळीतून चाळलेलं खत जूनमध्ये खड्ड्यांना लागेल, खड्ड्यामागे १५ किलो धरून अजून तीन कप्पे हवेत.